बावीस जणांची छाती

सर्जेराव चौगलेची छाती फुगवल्यावर शेहेचाळीस इंच भरायची, आणि ती बावीस माणसं वापरायची.

एरवी माणसाची छाती त्याच्यापुरतीच असते. वरातीत आणि प्रचारात पुढे काढायची, बाकी वेळ शर्टात ठेवायची. पण सर्जेराव ज्या फाउंड्रीच्या गेटवर वॉचमन होता, त्या रणझुंजार कास्टिंगच्या फेटलिंग खात्यात बावीस कामगार होते. गेली आठ वर्षं त्या बावीसही जणांच्या फुप्फुसांचे म्हणून जे फोटो सरकारात जमा होत होते, ते सगळे सर्जेरावचे होते. खुद्द सर्जेरावच्या नावावर मात्र एकही फोटो नव्हता. वॉचमन मोकळ्या हवेत बसतो, तेव्हा त्याच्या छातीची काळजी सरकारनं करायचं कारण नव्हतं.

फेटलिंग म्हणजे ओतीव लोखंड साच्यातून बाहेर पडलं, की त्याला चिकटलेली वाळू आणि कडेचे कंगोरे ग्राइंडरनं खरवडून काढायचे. लोखंड गुळगुळीत होतं. वाळू पिठीसारखी उडते, आणि उडालेली वस्तू कुठेतरी बसणारच. ती फुप्फुसात बसते. बसली की उठत नाही. शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं, गाठीला गाठ मिळत जाते, आणि दहा-पंधरा वर्षांत माणूस जिना बघूनच देवाचं नाव घेतो. डॉक्टर ह्याला सिलिकोसिस म्हणतात. खात्यात 'वाळू भरली' म्हणत. अमक्याची वाळू भरली असं कोणी बोललं, की ऐकणारे तंबाखू मळायचे थांबत, आणि मग दुसराच विषय काढत.

२०३३ साली ह्यावर कायदा झाला. दरवर्षी तपासणीची गाडी फाउंड्रीच्या दारात येणार, प्रत्येकाच्या छातीचा फोटो निघणार, आणि ज्याच्या छातीत धुळीची खूण दिसेल त्याला त्याच दिवशी त्या खात्यातून बाहेर काढायचं. बाहेर काढून कुठे घालायचं, हे लिहायचं राहून गेलं. कायदा कामगारांच्या जिवासाठी होता आणि तो लगेच लागूही झाला. पहिल्याच फेरीत शेजारच्या फाउंड्रीतले नऊ जण संध्याकाळपर्यंत बेकार झाले.

गाडीत एक मोठं कडं होतं. माणसानं त्यात आडवं व्हायचं, हात डोक्यावर घ्यायचे, श्वास धरायचा. कडं फिरायचं आणि काकडीच्या चकत्या पडाव्यात तशा छातीच्या तीनेकशे चकत्या पाडायचं. फक्त सुरी क्ष-किरणांची, त्यामुळे काकडी अख्खीच उठून घरी जायची. ह्या चकत्या पहिल्यांदा कोणी डॉक्टर बघत नसे. एवढे डॉक्टर नव्हते, आणि होते त्यांना एवढा वेळ नव्हता. चकत्या 'श्वासमित्र' नावाचं यंत्र बघायचं. तांदळाच्या कणीएवढा ठिपका दिसला तरी त्याच्याभोवती लाल गोल काढायचं. म्हणून कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं गुरुजी.

गुरुजींना सगळं दिसायचं. फक्त समोर आडवा झालेला माणूस कोण, हे ओळखपत्र बघून ठरायचं. आणि सुरक्षेच्या नियमाप्रमाणे ओळखपत्रावरचा फोटो हेल्मेट, गॉगल आणि मास्क लावूनच काढायचा होता. मास्क खात्यात एकच होता. बावीस जणांनी तो फोटोपुरता आळीपाळीनं लावला. त्यामुळे बावीस ओळखपत्रांवर एकच माणूस दिसायचा, आणि तो कोणीही असू शकत होता.

पहिली गाडी आली त्या सकाळी दिनकर सुतार वॉचमनच्या केबिनमध्ये आला. दिनकर फेटलिंगला होता. त्याच्या आधी, दोघं मिसरूड फुटायच्या वयाचे असताना, तालमीत सर्जेरावचा जोडीदार होता.

"सर्जा, तुझी छाती दे की जरा."

"किती येळ?"

"धा मिनिटं. श्वास धरायचा आन् सोडायचा."

दोस्तीत माणसं मोटरसायकल देतात, लग्नाचा कोट देतात. सर्जेराव उठला आणि दिनकरचं ओळखपत्र गळ्यात घालून आडवा होऊन आला. दुसऱ्या दिवशी खात्याचा मुकादम बंडा मेस्त्री केबिनच्या खिडकीत उभा. "दिनकरला दिलीस. मग आमी काय तुजं घोडं मारलंय?"

गाडी सहा दिवस थांबायची. दिवसाला तीन-चार छात्या दिल्या की काम व्हायचं. चौथ्या वर्षी फोटो काढणाऱ्यानं एकदा विचारलं, "तुमच्या कंपनीत सगळे एकाच आईचे काय हो?" बंडा मेस्त्रीनं त्याला सांगितलं, की आमच्यात भाऊबंदकी नाही, एवढंच.

ह्या उपकाराची फेड पैशात करायचं कोणाच्या मनातही आलं नाही; पैलवानाला पैसे देत नाहीत, खुराक देतात. कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. फेटलिंगच्या बावीस जणांनी पाळी लावली. रोज एक जण सर्जेरावला कट्ट्यावर नेऊन दूध पाजायचा. सर्जेराव पेला एका दमात रिकामा करायचा, मिशी पुसायचा, आणि पाजणारा त्याच्या छातीकडे बघत राहायचा. आपली गाय चरताना शेतकरी बघतो तसा.

चौथी फेरी झाल्यावर दिनकर मेला. शेवटचे चार महिने तो बसून झोपायचा. त्याच्या फाइलमध्ये चार वर्षांचे चार फोटो होते, चारही ठणठणीत. भरपाईच्या मंडळानं त्याच्या बायकोला लेखी कळवलं, की आपल्या यजमानांची फुप्फुसं उत्तम होती. तिनं तो कागद सर्जेरावकडून वाचून घेतला, कारण घरात चष्मा सापडत नव्हता. सर्जेरावनं वाचला. घडी घालून परत दिला.

राख सावडून येताना बंडा मेस्त्री त्याच्या बाजूनं चालू लागला.

"जागा मोकळी झालीया वस्ताद. संग्राम काय करतोय सध्या?"

संग्राम हा सर्जेरावचा एकुलता एक. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसला होता. पुढच्या महिन्यात तो दिनकरच्या ग्राइंडरवर उभा राहिला, आणि त्या वर्षी गाडीतून पुकारा झाला, "संग्राम सर्जेराव चौगले!" तेव्हा सर्जेराव उठला. बाकीच्यांच्या नावाला उठताना त्याला काही वाटलं नव्हतं. ह्या नावाला तो जरा ताठ उठला. बापानं लेकाला नाक दिलं होतं, आडनाव दिलं होतं. त्यात आता ही एक वस्तू.

हे सगळं आणखीही चाललं असतं, पण २०४१च्या मार्चमध्ये सर्जेरावला खोकला लागला. दीड महिना गेला नाही. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बायको सुवर्णानं काढा दिला, मग शिव्या दिल्या, आणि शेवटी त्याला शासकीय छाती तपासणी केंद्रात पाठवला. सत्तावन्नाव्या वर्षी सर्जेराव पहिल्यांदा स्वतःच्या नावानं आडवा झाला.

केंद्रातल्या डॉक्टर रुबिना मुजावर चाळिशीच्या होत्या. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. काळ्या फुप्फुसात उजवीकडे वर एक पांढरा ठिपका होता, आणि त्याच्याभोवती गुरुजींचा लाल गोल.

"नऊ मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "वाटाण्याहून किंचित मोठा. हा जुन्या इन्फेक्शनचा डाग असू शकतो, किंवा कॅन्सर असू शकतो. एका फोटोवरून दोन्ही सारखेच दिसतात."

"मग वळखायचं कसं?"

"वाढीवरून. डाग वाढत नाही. कॅन्सर वाढतो, आणि ठरावीक चालीनं दुप्पट होतो. लाडवाची रुंदी पाव हिश्शानं वाढली, की लाडू दुप्पट झालेला असतो. डोळ्याला कळत नाही, मोजलं की कळतं. त्यासाठी जुना फोटो लागतो. तुमच्या नावावर जुना फोटो नाही. म्हणून मशीन म्हणतंय, तीन महिन्यांनी या."

"येतो की," सर्जेराव उठत म्हणाला.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावर दुसरं पान उघडलं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या झाडासारख्या फुटत जातात, त्या म्हणाल्या, आणि दोन माणसांची झाडं कधी सारखी नसतात. अंगठ्याच्या ठशासारखंच. ह्या वर्षीपासून मशीनला नवं काम लावलंय: कुठल्याही छातीचं झाड आलं, की राज्यभरच्या फाइलींत तसं झाड आणखी कुठे आहे का बघायचं. चुकून दुसऱ्याच्या नावावर गेलेले फोटो सापडावेत म्हणून.

"तुमचं झाड एकशे शहात्तर ठिकाणी सापडलं," त्या म्हणाल्या. "तेवीस नावांवर. त्यातलं एक नाव मयत आहे."

सर्जेराव छताकडे बघत म्हणाला, "आमच्याकडं एकमेकाला मदत करायची पद्धत हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "एका फोटोत जेवढे किरण अंगात जातात, तेवढे उन्हातून-मातीतून यायला सहा महिने लागतात. एकशे शहात्तर म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं. आठ वर्षांत तुम्ही अठ्ठ्याऐंशी वर्षं वापरलीत, चौगले. हा ठिपका त्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही. त्यामुळे नाही आला असंही म्हणता येणार नाही."

"मग आता ते जुनं फोटू बगा की. माजंच हाईत."

"तुमचे नाहीत. फाइल ज्याच्या नावावर, फोटो त्याचा. मला आकडा दिसतो. नाव दिसत नाही, चित्र उघडत नाही. मयताची फाइल सीलबंद असते. बावीस जिवंत माणसांपैकी एकानं जरी इथे येऊन लिहून दिलं की ही छाती माझी नाही, तर त्याची फाइल उघडेल. जुने दोन फोटो पुरेत. वाढ दिसली तर मी तुम्हाला दहा दिवसांत ऑपरेशनला पाठवते. नाही तर तीन महिने. वाढणाऱ्या ठिपक्याला तीन महिने फार झाले."

"आन् लिहून देणाऱ्याचं?"

"त्याचा त्याच दिवशी नवा फोटो निघेल. त्याचा स्वतःचा."

सर्जेराव दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "तुम्हाला कोणी काही सांगितलं नाही का? ठिपका चार मिलिमीटरचा झाला, की फाइलवाल्याच्या घरी पत्र जातं. एकटा ठिपका धुळीत धरत नाहीत, म्हणून कंपनीला नाही, घरी. दोन वर्षांपूर्वी बावीस पत्रं गेलीत. गेल्या वर्षी पुन्हा बावीस."

केंद्रातून कट्टा पायी अर्ध्या तासावर होता. सर्जेरावला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात त्याला बदाम आठवले. दोन वर्षांपूर्वी, गाडी येऊन गेल्यावर महिन्याभरात, दुधात अचानक बदाम आले होते. तो खूश झाला होता. सुवर्णाला म्हणाला होता, पोरं कदर करायला शिकली. गेल्या वर्षापासून तर केशर यायचं.

कट्ट्यावर खात्यातले सहा-सात जण होते. बंडा मेस्त्री होता. सर्जेरावनं पेला घेतला नाही. जे झालं ते सांगितलं, आणि विचारलं, "कोन येतंय?"

कोणी म्हशीकडे बघितलं, कोणी चपलेकडे.

"तसं मी आलो असतो वस्ताद," एक जण म्हणाला, "पन माज्या पोरीची दहावी हाय."

"माजं हप्तं चाललंत."

"नामा, तू जा की. तुला दोनच वर्षं राहिल्यात."

"दोनच राहिल्यात म्हनूनच तर..."

बंडा मेस्त्रीनं सर्जेरावच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बग, सरकारी पत्र सगळ्यास्नीच आलं. आमी म्हटलं मशीन चुकलं. बावीस मानसांस्नी येकाच दिवशी येकाच जागी ठिपका? शानं मानूस काय म्हनंल? चूकच म्हनंल."

"तुमास्नी म्हाईत हुतं छाती कुनाची हाय."

"म्हाईत हुतं," बंडा म्हणाला. मग खांद्यावरचा हात काढून घेत म्हणाला, "तीन म्हयनं तर थांबायचंय. आमी खुराक वाढवतो."

तेवढ्यात म्हशीवाल्यानं सवयीनं फेसाचा पेला पुढे केला. वर बदामाचे काप होते. सर्जेरावनं तो कट्ट्यावर ठेवला आणि निघाला. मागे कोणीतरी म्हणालं, "घरातलंच हाय की त्याच्या बावीसातलं येक. आमास्नी कशाला इचारतोय?"

ते त्यालाही माहीत होतं. वाटेतच त्याचा हिशेब सुरू झाला होता. दोन वर्षांपूर्वी बावीस पत्रं. म्हणजे एक त्याच्याच घरी. घरी जाऊन त्यानं सुवर्णाला विचारलं. ती भाकरी थापत होती. सून प्राजक्ता सातव्या महिन्याची, खुर्चीवर बसून भाजी निवडत होती.

"आलं हुतं की," सुवर्णा म्हणाली. "लांब पाकीट, वर सिंहाचा शिक्का. तुमीच तर घेतलासा पोस्टमनकडनं. सही केलासा. मी म्हटलो, फोडून बगा. तर तुमी म्हटलासा, दुसऱ्याचं पत्र फोडू नये."

सर्जेराव पाटावर बसला. खरं होतं. संग्रामच्या नावाचं म्हणून त्यानं ते स्वतःच्या हातानं संग्रामच्या टेबलावर ठेवलं होतं.

संग्राम ओव्हरटाइम आटपून साडेसातला आला, आला तसा न्हाणीत गेला. नळ जोरात सुटला. रोज सुटायचा. चार वर्षं सर्जेरावला वाटत होतं, की पोराला स्वच्छतेची आवड आहे. आज तो न्हाणीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि नळाच्या आवाजाखालून खोकला ऐकू आला. कोरडा, खालून उपसून आणलेला. दिनकरचाही असाच होता.

दार उघडलं. बापलेक समोरासमोर.

"पत्र कुठाय?" सर्जेराव म्हणाला.

संग्रामनं कुठलं म्हणून विचारलं नाही. आत गेला, डिप्लोमाच्या सर्टिफिकेटाच्या फाइलमधून दोन पाकिटं काढून आणली. दोन्ही फोडलेली होती, वाचून घडीवर घडी घातलेली.

"पहिलं आलं तेव्हा चारच मिलिमीटर होतं, पप्पा. तांदळाची कणी. बंडा मेस्त्री म्हणाला, सगळ्यांना आलंय, फेकून दे."

"तू फेकलं न्हाईस."

"नाही."

"मग बोलला का न्हाईस?"

संग्राम भिंतीला टेकला. "बोललो असतो, तर तुम्ही पुन्हा गाडीत गेला नसता. मग माझ्या नावाला मला जायला लागलं असतं." तो थांबला, दम घेतला. "माझ्यात काय निघणार ते मला म्हाईत होतं. मला बघायचं नव्हतं."

सर्जेरावच्या तोंडात आलेली शिवी तिथेच राहिली. दिनकरच्या बायकोला कागद वाचून दाखवताना त्यालाही काही बघायचं नव्हतं.

"मला कोण येनार म्हनून कट्ट्यावर इचारून आलो," तो म्हणाला. "तुला इचारत न्हाई. तुजं पोर येतंय जूनमदी. नोकरी ऱ्हाऊ दे. तीन म्हयनं काय, आसंच जातील."

"पप्पा..."

"म्हटलं न्हवं, न्हाई म्हनून!"

सुवर्णा पीठभरल्या हातानं मध्ये येऊन उभी राहिली. ती कधी कारखान्यात गेली नव्हती आणि तिला फोटोतलं काही कळत नव्हतं. पण दोघांचा खोकला ती दोन वेगवेगळ्या खोल्यांतून ऐकत होती, आणि तिला मोजता येत होतं.

"उद्या सकाळी दोघंबी जावा," ती म्हणाली. "येकाची छाती दोघांनी वापरलासा. आता दोघांच्या दोन घिऊन या."

"आई, नोकरी जाईल," संग्राम म्हणाला.

खुर्चीवरून प्राजक्ता पहिल्यांदाच बोलली. "रात्री तुम्ही उशीला टेकून बसलेले असता. मी झोपलेय असं तुम्हाला वाटतं." तिनं भाजीची परात बाजूला ठेवली. "जाऊन या."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता संग्रामनं डॉक्टर मुजावरांच्या टेबलावर कागद लिहून दिला. कागद छापील होता. रिकाम्या जागी फक्त नाव भरायचं होतं. 'मी जाहीर करतो, की माझ्या नावे असलेली छाती माझी नाही.' त्यानं सही केली. सर्जेरावनं साक्षीदार म्हणून केली.

फाइल उघडली. चार फोटो पडद्यावर एकाशेजारी एक आले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात आता कुठे आहे म्हणून सांगितलं तर दिसेल, एवढं. तिसऱ्यात चार मिलिमीटर, चौथ्यात सहा. आणि त्यांच्या शेजारी कालचा, नऊचा. गुरुजींना अर्धा सेकंदही लागला नाही. खाली ओळ उमटली: वाढ निश्चित, दोनशे आठ दिवसांत दुप्पट, तातडीनं शस्त्रक्रिया.

"पहिल्या पत्राच्या वेळी आला असता, तर सोपं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या कोणाकडे बघून बोलल्या नाहीत. "अजूनही होईल बहुतेक. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागेल. पुढच्या गुरुवारी."

"आन् बाकीची एकवीस जनं?"

"एक फाइल खोटी निघाली, की जुळणाऱ्या सगळ्या आपोआप गोठतात. सोमवारी एकवीस जणांना पत्रं जातील. आणि एक त्या मयताच्या घरी."

सर्जेरावला दिनकरच्या बायकोचा चष्मा आठवला. तो तिला सापडलेला असू दे, एवढंच त्याच्या मनात आलं.

मग संग्राम आत गेला. काचेपलीकडे लेक आडवा होताना सर्जेराव बघत होता. त्यानं हात डोक्यावर घेतले. यंत्रातून आवाज आला, 'श्वास धरा', आणि एकशे सत्त्याहत्तर वेळा आडवं झालेल्या सर्जेरावनं इकडे बाहेर उभ्या उभ्या श्वास धरला. 'सोडा' म्हणायच्या आधीच संग्रामला खोकला आला. फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला.

ह्या खेपेला गुरुजींना वेळ लागला. पडद्यावर लाल गोल उमटू लागले. एक, चार, वीस. दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर असतात तसे. मग गोल थांबले आणि खाली लिहून आलं: शंभरापुढील ठिपक्यांना गोल काढले जात नाहीत. वर डावीकडे ठिपके एकमेकांत मिळून एक मोठी गाठ झाली होती, लिंबाएवढी. तिच्याभोवती गुरुजींनी गोल न काढता चौकोन काढला होता.

"हे बाकीचं वाळूचं," डॉक्टर मुजावर हळूच म्हणाल्या. "सगळं वाळूचं. ही मोठी गाठही वाळूची असेल. किंवा नसेल."

संग्राम शर्टाची बटणं लावत होता. अठ्ठावीस वर्षांचा होता तो. "हे किती जुनं असेल, मॅडम? किती वेगानं वाढतंय?"

त्यांनी पडदा खाली सरकवला. शेवटची ओळ त्यांनी वाचून दाखवली नाही. बापलेकांनी आपापली वाचली. 'या व्यक्तीचे पूर्वीचे एकही चित्र उपलब्ध नाही. वाढीबाबत मत देता येत नाही. तीन महिन्यांनी यावे.'

"चार वर्षांचे चार फोटो असते," त्या म्हणाल्या, "तर आत्ता लगेच सांगितलं असतं." मग त्यांना स्वतःलाच ते बोलायला नको होतं असं वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तीन महिने थांबत नाही. सुईनं तुकडा काढून बघू. आजच. बाहेर बसा, सिस्टर नाव पुकारतील."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. समोर भिंतीवर तक्ता होता: छाती तुमची, जबाबदारी तुमची. खाली मास्क लावलेला एक हसरा माणूस. मास्कमुळे हसू दिसत नव्हतं, पण डोळ्यांवरून तसं वाटत होतं.

"पप्पा," संग्राम म्हणाला, "कट्ट्यावर ते बदाम कोण आणायचं म्हाईत आहे?"

"बंडा."

"मी. पहिल्या पगारवाढीतनं. मेस्त्रीला सांगितलं होतं, माझं नाव सांगू नका."

 लेकाच्या गुडघ्यावर सर्जेरावनं हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

दार उघडलं. नवीन, तरुण सिस्टर हातात फाइल घेऊन बाहेर आली आणि तिनं पुकारलं, "संग्राम सर्जेराव चौगले!"

सर्जेराव उठला. ताठ उठला. आठ वर्षांच्या सवयीनं त्याचा हात वरच्या बटणाकडे गेला, पहिलं बटण सुटलं, दुसरं सुटलं, आणि तो दाराच्या दिशेनं दोन पावलं टाकून गेलासुद्धा. तेव्हा त्याला मागे संग्रामही उठल्याचं कळलं.

"बसा पप्पा," संग्राम म्हणाला.

सर्जेराव बसला नाही. दार अडवून तसाच उभा राहिला, शर्ट उघडा, छाती पुढे. सिस्टरनं आधी ह्याच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दोघांचं नाक एकच होतं.

"अहो, संग्राम कोण ह्यातला?" ती म्हणाली. "लवकर सांगा, आत सुई तयार आहे."

 मग सर्जेरावनं हात वर केला आणि बोटानं लेक दाखवला.